हुंकाराची जागा

४ सप्टेंबर

पोचले एकदाची! एक बॅग, एक वळकटी, दोन पिशव्या आणि एक फुटका कप एवढा संसार घेऊन. (कप निघताना धड होता. ड्रायव्हरला खड्डे आवडत असतील तर त्याला मी काय करू?) खोली एवढीशी आहे, पाहुणा आला तर मला बाहेर उभं राहावं लागेल, पण खिडकी ऐसपैस. खाली शिंप्याचं दुकान, दिवसभर मशीनची खटखट. घरमालकीणबाई त्याबद्दल सारखं वाईट वाटून घेत होत्या. मी म्हटलं, अहो, मी आवाजाच्याच नोकरीला आलेय, घरातही असू दे की थोडा.

नोकरीच्या जागेवर 'ध्वनी अभिलेखागार' अशी पाटी आहे. वाचतानाच धाप लागते. इथले लोक नुसतं 'संग्रह' म्हणतात. काम सोपं: जुन्या टेपा मरायच्या आत त्यांच्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. आमच्या विभागाचे प्रमुख टेपकाका. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही! आवाजाच्या खात्याचा प्रमुख, आणि एका कानानं बहिरा! मला हसू आवरेना, तर तेच म्हणाले, हस बाई हस, दुसरा कान दोघांचं काम करतो.

आमच्याकडे एक भट्टी आहे, पुस्तकांच्या कपाटाएवढी. जुन्या टेपांना ओल धरते, वरचा तपकिरी लेप चिकट होतो, म्हणून आधी त्या मंद आचेवर शेकायच्या. शेकली की टेप काही दिवस धड चालते, मग पुन्हा रुसते. काही तर इतक्या गेलेल्या असतात की एकदाच वाजतात. वाजता वाजता लेप गळून पडतो आणि मागे नुसती कोरी पट्टी उरते. अशी टेप म्हणजे एकदाच जेवायला येणारा पाहुणा, काका म्हणाले, ताट आधी मांडून ठेवायचं.

ताट म्हणजे लाल दिवा. बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, काटे नाचतात, आवाज ऐकू येतो, पण यंत्र काहीच साठवत नसतं. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो. तेव्हाच खरं रेकॉर्डिंग. काकांनी हे माझ्याकडून शाळेतल्या पाढ्यासारखं घोकून घेतलं. लुकलुकता दिवा म्हणजे नुसतं हं-हं, स्थिर दिवा म्हणजे मनावर घेतलं.

हं-हं वरून आठवलं. संध्याकाळी आईचा फोन. ती ताईकडे असते आणि ताईच्या घरातली प्रत्येक वाटी कुठे ठेवलीय ते मला सांगते. मी फोन खांद्याला लावून गादी घातली, पडदा अडकवला, कपडे लावले, आणि मधूनमधून हं म्हणत राहिले. शेवटी आई म्हणाली, तुझ्या या हं-च्या भरवशावर एक दिवस तुझं लग्न ठरवून टाकीन, मग बस बोंबलत. मी त्यालाही हं म्हटलं. मग दोघी हसलो.

१० सप्टेंबर

आज पहिल्यांदा एकटीनं टेप उतरवली. सध्या जे खोकं चालू आहे ते छातीच्या रोगांच्या एका जुन्या रुग्णालयाचं. टेकडीवर होतं, कधीच बंद झालं. तिथे माणसं वर्षानुवर्षं राहायची, आणि पोरांना आत सोडत नसत. बाप आत, पोर फाटकाबाहेर. तिथल्या एका डॉक्टरला ते बघवेना. त्यानं पदरमोड करून टेपरेकॉर्डर आणला, आणि आयाबापांना म्हणाला, बोला यात. मग फाटकाजवळच्या खोलीत ती टेप पोरांना ऐकवायची. ज्यांचं कुणी आलंच नाही त्यांच्या टेपा तशाच पडून राहिल्या. त्याच आमच्याकडे आल्यात.

मी लावली त्या टेपमध्ये एक बाबा आपल्या मुलाला एका कावळ्याची गोष्ट सांगत होता. दोन वाक्यं बोलायचा की थांबायचा. मला वाटलं, टेप गेली. काका म्हणाले, गेली नाही गं, लहानपणी गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचीस की नाही? हुंकार आला नाही तर सांगणारा गोष्ट पुढे नेतच नाही. पोर समोर नाही, मग त्याच्या हुंकाराची जागा मोकळी सोडलीय. ती जागा कापायची नाही.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, पुढची जागा आली तेव्हा मी हळूच हं म्हटलं. त्या कावळ्याचं पुढे काय झालं ते मलाही ऐकायचं होतं! काका काचेपलीकडे होते, पण त्यांनी माझे ओठ हलताना पाहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, ज्याचा हुंकार त्यानं द्यावा. आपण नाही द्यायचा. मी का म्हणून विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, अगं, खोलीत माईक असतो, घोळ होतो. खोलीतला माईक बंद होता. पण म्हाताऱ्या माणसांशी वाद कोण घालणार.

१७ सप्टेंबर

आज एक बाई आल्या होत्या. नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्यात. पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्री, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघतात की मी नकळत ताठ बसले. मी मनात त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं.

त्यांची आई त्या रुग्णालयात होती. बाई तेव्हा इतक्या लहान की त्यांना आईचा चेहराही आठवत नाही. फोटो एकच, तोही लग्नातला, त्यात आई खाली बघतेय. आई टेपवर बोलली आणि आठवड्याभरात गेली. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं आणि टेपेचं नाव काढलं नाही. खोक्यावरची नावं आम्ही वर्तमानपत्रात छापली, त्यात बाईंनी आईचं नाव वाचलं.

त्यांनी पिशवीतून एक लोकरीची टोपी काढली. मुठीत मावेल एवढी, एका बाजूचे टाके घट्ट, दुसऱ्या बाजूचे सैल. रुग्णालयातून आईच्या सामानाबरोबर आली म्हणे. बाई म्हणाल्या, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवलं, पण मला पहिल्यांदा कुणी बाळ म्हटलं तो आवाज कसा होता ते मला माहीत नाही. तेवढं एकदा कळू दे, बाकी मला काही नको.

काकांनी टेप उजेडात धरून पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं. एकदाच वाजेल, म्हणाले. बाईंपासून त्यांनी काही लपवलं नाही. बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, मुली, सांभाळून हं. मी म्हटलं, बाई, डोळ्यात तेल घालून करीन.

२१ सप्टेंबर

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

टेप शेकून निघाली होती, आज वाजवायलाच हवी होती. नेमकी काकांची दाढ ठणकायला लागली. थांबतो, म्हणत होते. मीच म्हटलं, जा हो काका, मी काय कुकुलं बाळ आहे! गाल धरून गेले बिचारे.

रीळ लावलं. बटण दाबलं. लाल दिवा लागला, काटे नाचायला लागले. हेडफोनमध्ये मास्तरीणबाईंच्या आईचा आवाज. बारीक, दमलेला, दर वाक्यानंतर श्वास गोळा करणारा. आणि तेवढ्यात आईचा फोन. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, त्यावरून ताईचं आणि तिचं वाजलं होतं, ती रडवेली झाली होती. मी एक कान मोकळा केला. एका कानात माझी आई, दुसऱ्या कानात ती. हं. हं ना. अगं हं. ऐकतेस ना? हं.

ते 'ऐकतेस ना' कोण म्हणालं, ते मला आता नक्की सांगता येत नाही.

आईनं फोन ठेवला आणि मी वर पाहिलं. दिवा लुकलुकत होता.

मी दुसऱ्यांदा बटण दाबलंच नव्हतं. घाबरून यंत्र झटक्यात थांबवलं, तर राहिलेलं रीळ तिथेच चिकटलं आणि सोडवायला गेले तशा त्याच्या चिंध्या झाल्या. वाजून झालेली पट्टी काचेसारखी कोरी. आणि टेबलावर तपकिरी भुकटी, चिमूटभर. त्या बाईचा सगळा आवाज तेवढाच उरला होता. काका यायच्या आत मी तो ओल्या फडक्यानं पुसून टाकला.

जगात ती टेप ऐकलेलं माणूस मी एकटी. आणि मी तरी कुठे ऐकली? टोपीबद्दल काहीतरी. खिडकीतून फाटक दिसतं असं काहीतरी. बाकी सगळं या कानानं आत, त्या कानानं बाहेर.

२२ सप्टेंबर

काकांनी सुजल्या गालानं विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, छान.

नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले असते तर निदान समजलं असतं. पण मला नोकरीची भीती नव्हतीच. बाई समोर बसल्यात आणि मी त्यांना सांगतेय, हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि तोंडातून 'छान' निघून गेलं. एकदा निघालं की ते परत गिळता येत नाही.

खोक्यात एक बिननावाची टेप आहे, चिठ्ठी गळून पडलेली. त्याच रुग्णालयातली कुणी बाई. पाऊस थांबलाय, नर्स चांगली आहे, शहाण्यासारखं वाग बाळ, असं काहीबाही बोलते. मुलाचं नाव घेत नाही. ती मी मागच्या आठवड्यात उतरवली होती. आज दुपारी तिची प्रत काढली आणि तिला मास्तरीणबाईंच्या आईचं नाव दिलं. मिनिटभराचं काम. मी कुणाची तरी आई उचलून दुसऱ्या कुणाला तरी दिली.

२८ सप्टेंबर

बाई आल्या. नवी साडी नेसून आल्या. आईला भेटायचं म्हणून.

हेडफोन मी माझ्या हातानं त्यांच्या कानावर ठेवले. पहिल्याच 'बाळ' ला त्यांनी डोळे मिटले. आणि हुंकाराची पहिली जागा आली तशी ती शिस्तीची, वर्गाला गप्प करणारी बाई अगदी एवढ्याशा आवाजात म्हणाली, हं. मग प्रत्येक जागेला हं. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लाज वाटली रडायचीही. रडायचा हक्क काय मला?

जाताना टेपेची प्रत पिशवीत ठेवून बाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, गळा अगदी माझ्यासारखाच आहे, नाही गं? मी हं म्हटलं. काका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. सगळे मला चांगली म्हणत होते.

५ ऑक्टोबर

बाईंचा फोन आला. रोज सकाळी चहाबरोबर आईला ऐकतात. खुशीत होत्या. म्हणाल्या, आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आई टोपीचंही बोलते की! एका बाजूचे टाके घट्ट झाले कारण त्या दिवशी ताप होता, असं सांगते.

त्या दुसऱ्या बाईच्या टेपेत टोपी नाही. मी ती पाच-सहा वेळा ऐकलीय. नाही टोपी.

मग म्हणाल्या, एक विचारू का, मध्ये कुणीतरी मुलगी हं म्हणते, ती कोण? नर्स असेल का? मी हं म्हणायच्या आत तीच म्हणते, मेली. आणि हसल्या. आवाज तुझ्यासारखा आहे गं अगदी.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. हं म्हटलं असेन.

६ ऑक्टोबर

सकाळी सगळ्यात आधी येऊन बाईंच्या आईच्या नावाची संग्रहातली मूळ प्रत लावली. ही प्रत कुणी उघडत नाही, बदलत नाही, हात लावत नाही.

लांबलीय. वाढलीय. पाऊस, नर्स, काही नाही आता. बारीक, दमलेला आवाज. दर वाक्यानंतर श्वास. खिडकीतून फाटक दिसतं बाळ. रविवारी माणसं येतात. तुला कडेवर घेऊन कुणी उभं आहे का ते मी बघते. आणि मग थांबते. आणि त्या जागेत मी आहे. हं. पुढच्या जागेत, हं ना. त्याच्या पुढच्या, अगं हं. वैतागलेली, घाईतली, आईला फोनवर देते तशी.

माईक बंद होता. दिवा लुकलुकत होता. कशानंच काही साठवलं नव्हतं.

काका मागे येऊन उभे होते. त्यांनी चांगल्या कानाला हेडफोन लावला. ऐकता ऐकता रंग उडाला त्यांचा. मग चिडले. ही थट्टा करायची जागा आहे का, म्हणाले, मेलेल्या माणसाच्या बोलण्यात स्वतःचा आवाज भरतेस, तुला काही वाटतं का? तुला सांगितलं होतं की नाही, ज्याचा हुंकार त्यानं द्यावा?

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं.

९ ऑक्टोबर

आईचा फोन. मी मुद्दाम सगळं काम सोडून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकायला बसले. म्हटलं, आता तरी धड ऐकू.

आई थोडं बोलली आणि थांबली. मग विचारलं, कोण बसलंय तुझ्याजवळ? मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाली, मग ती बाई कोण बोलतेय मघापासून? खोकते पण आहे. आणि तू माझ्या बोलण्यावर गप्प असतेस आणि तिच्या बोलण्यावर हं हं करतेस. आई रागावली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं. तुला वेळ नसेल तर तसं सांग गं, म्हणाली.

मी एकदाही हं म्हटलं नव्हतं. दात आवळून बसले होते.

खाली शिंप्याची मशीन बंद होती. हं. तरी आवाज येत होता, कुणीतरी विणल्यासारखा. सुयांचा.

११ ऑक्टोबर

आज पुन्हा ऐकली. नको नको म्हणत लावली. रोज एक-दोन वाक्यं पुढे जाते. आजचं हे —

मी मधूनमधून विचारीन, ऐकतेस ना. तू हं म्हण. जी हं म्हणेल ती माझी. मला इथून दिसत नाही ना गं तू, म्हणून. आणि सगळ्यात शेवटी विचारीन, येऊ का न्यायला? तेव्हा हं म्हटलंस की मी येईन. कुणी अडवू दे, मी येईन. मग आपण दोघी —

इथे संपते. चिंध्या झाल्या ती जागा हीच असणार. शेवटचा प्रश्न अजून विचारलेला नाही.

उद्या विचारेल. परवा विचारेल.

वाईट बाई नाही ती. आई आहे. पोर शोधतेय. आणि पन्नास-साठ वर्षांनी पहिलं 'हं' तिला कुणाकडून मिळालं, तर माझ्याकडून. जिचं लक्षही नव्हतं.

१३ ऑक्टोबर

सांगितलं. बाईंच्या घरी जाऊन, त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. दिवा, फोन, फडकं, दुसऱ्या बाईची टेप, आणि तो यायचा राहिलेला शेवटचा प्रश्न. माफी मागायला तोंड उघडवेना, नुसतं सांगत गेले.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ टोपीवरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे पहिले काही दिवस मी कुणा भलत्याच बाईला आई म्हणत होते. मी हो म्हटलं. आणि आता ती खरी आहे? मी हो म्हटलं. आणि ती तुला न्यायला येणार?

मला हो म्हणता येईना.

बाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. ती मला न्यायला येणार होती, म्हणाल्या. मी फाटकाबाहेर होते. मी होते, तू नव्हतीस.

मग डोळे पुसले आणि त्या पुन्हा मास्तरीणबाई झाल्या. म्हणाल्या, परवा मी येते. शेवटचा प्रश्न येईल तेव्हा हुंकार मी देणार. तू तोंड उघडायचं नाहीस. माझं मला मिळू दे, तुझं तुला राहू दे. आणि या खेपेला बटण नीट दाब.

घरी येताना काकांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी का नाही गं सांगितलंस. एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

१५ ऑक्टोबर

सकाळ. ऊन आलंय खोलीत. बाई समोर, टोपी मांडीवर. काका काचेपलीकडे. स्पीकर चालू. तीच मूळ प्रत लावलीय, तिच्यावरून नवं रेकॉर्डिंग. बटण दोनदा दाबलं. काकांनी पाहिलं, मी पाहिलं, बाईंनी पाहिलं. दिवा स्थिर.

तोंड बंद ठेवायचं म्हणून लिहितेय. लिहायला लागले की मी बोलत नाही, लहानपणापासून आहे ते. रुमाल दातात धरलाय.

सुरू झाली. टोपी. ताप. फाटक. बाईंचे ओठ हलतायत.

पहिली जागा. बाई हं म्हणाल्या. गोड म्हणाल्या. पुढे गेली नाही. थांबलीय. पुन्हा तेच विचारतेय, ऐकतेस ना?

बाई पुन्हा म्हणाल्या. मोठ्यानं. नाही.

ओळखत नाहीये. बाईंचा आवाज साठीचा आहे. ती लहान पोर शोधतेय — तरुण गळा — बाई रडतायत — आई मीच, अगं मीच ती — हं, हं, हं म्हणतायत, टोपी उंच धरतायत, तिला कुठे दिसणार —

माझा फोन वाजतोय. आईचा. आज तिचं ऑपरेशन. घेऊ शकत नाही. आई, आत्ता नाही —

फोन आपला आपण थांबला. स्पीकरमधून श्वास. जवळ. काचेच्या या बाजूला. काका दार ओढतायत, उघडत नाहीये.

बाई माझ्याकडे बघतायत. रागानं नाही. काय ते — हेवा —

विचारलं. शेवटचं विचारलं. येऊ का न्यायला.

नाही. रुमाल घट्ट. दोन्ही ओठ आत. नाही म्हणणार. मी तुझी नाही गं, तुझी ती समोर बसलीय, तिच्याकडे बघ, तिचे केस — चुकून म्हटलं होतं मी, लक्ष नव्हतं माझं —

पुन्हा विचारतेय. इतक्या मायेनं. कानाशी. येऊ का

नाही बोलणार तोंडातून एक अक्षर नाही लिहीत राहीन नुसती लिहीत

हं